गजाननकाकांचे कच्चे बदल

प्रतिमाची जीभ तिखट, आणि तिला त्याचं कौतुकही. चंदीगडच्या त्या सरकारी कार्यालयात फायरवॉलचं काम, म्हणजे बाहेरून आत कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला अडवायचं हे ठरवणारे नियम लिहिण्याचं काम, ज्या दोन-तीन जणांकडे होतं त्यांची ती मुख्य. हाताखाली गजाननकाका. मूळचे वाशीमचे, उमेदीची वर्षं टेलिफोनच्या तारा ओढण्यात घालवलेले आणि शेवटच्या बदलीत या खुर्चीवर येऊन पडलेले. ती नवी आली तेव्हा चंदीगडजवळच्या खरड गावात फ्लॅट शोधून द्यायला पिंजौरच्या आपल्या घरून बसने रोज येणारा माणूस हाच. ऑफिसभर हिंदी-पंजाबी चालायची. मराठी तेवढी या दोघांत.

मग ऑफिसचे नवे प्रमुख म्हणून सोढी साहेब आले आणि त्यांनी जाहीर केलं, ज्याला हे काम जमत नाही तो महिनाअखेर स्टोअरला. निवृत्तीच्या तोंडावर मोडके प्रिंटर मोजत बसायचं, याचा काकांनी धसकाच घेतला.

सोमवारी ते तिच्या टेबलाशी आले. "पोरी, दोन मिनिटं बसतं का वं? तुले एक दाखवाचं होतं."

"नंतर काका, नंतर."

मंगळवारीही तेच. कामात होती म्हणावं, तर चहाला मात्र दोनदा खाली गेली.

बुधवारी तिला एक नियम बदलायचा होता, तर त्यावर कुलूप दिसलं. या सॉफ्टवेअरमध्ये आपण केलेला बदल पब्लिश, म्हणजे प्रत्यक्ष लागू, करेपर्यंत आपल्यापाशीच राहतो. दुसऱ्याला दिसतं ते फक्त कुलूप आणि ते कुणाच्या नावाचं आहे ते. पण प्रतिमा मुख्य. तिला दुसऱ्याचे कच्चे बदलही उघडून पाहायची मुभा होती. कुलूप काकांचं होतं. तिने उघडलं.

एकच नियम लिहिलेला, खोडलेला, परत लिहिलेला. आणि शेवटी काकांनी काय ठेवलं होतं? कुणीही, कुठूनही, खुशाल आत यावं! ती एकटीच हसत सुटली. काका समोरच बसले होते, हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. तिने मारली नाही. असा मजेदार ऐवज हाती लागल्यावर झाकली मूठ कोण ठेवतो?

दुपारच्या बैठकीत तिने ते मोठ्या पडद्यावर लावलं. "देखिए सर, काकाजी ने तो पूरी दुनिया को न्योता दे दिया! शुक्र है, पब्लिश नहीं किया."

सगळे खदाखदा हसले. साहेबही हसले, मग थांबले. "गजाननजी का एक्सेस आज ही बंद कर दो. कल से स्टोअर."

प्रतिमा घाईने म्हणाली, "सर, लेकिन वो तो अभी कच्चा था..."

"आप ही ने तो दिखाया, मैडम."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! काका पडद्याकडे बघत बसले होते. त्यांची खाडाखोड तिथे तशीच दिसत होती आणि ती बंद करायचंही तिला सुचलं नाही.

बैठक संपल्यावर ती त्यांच्या टेबलाशी गेली. शरमेने मान वर होईना. आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटत होतं.

"काका, चुकलं माझं. मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

काय पण बोलणं! दोन दिवस विचारत तर तो माणूस होता.

काका चष्मा पिशवीत ठेवत होते. साहेबांशी बोलावं तशा नीटस हिंदीत म्हणाले, "पब्लिश इसीलिए नहीं किया था, मैडम जी. पहले आपको दिखाना था."

"काका, असं नका ना बोलू माझ्याशी. आत्ता बसू या, दोन मिनिटांत समजावते."

ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.

"एक्सेस बंद कर दीजिए, मैडम जी. मेरी बस निकल जाएगी."