सतरा पॉइंटांचा चमत्कार

लिंबायत वस्तीतल्या त्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बन्सीलालबापूंचं तीर्थ प्यायलं की रक्तातली साखर उतरते, आणि तेही मशीनवर दिसतं! मशीनवर दिसल्यावर शंका कोण घेणार हो?

मधुमेही रुक्मिणीचं बोट टोचलं. दोनशे अठ्ठेचाळीस. घोटभर तीर्थ, पाच मिनिटं जप, पुन्हा टोचलं. दोनशे एकतीस!

"सतरा पॉइंट खाली!" बापू गरजले. "मशीन माझा भक्त नाही, तरी झुकलं! बेटी, इन्सुलिन या बादलीत टाक. सुई कायमची बंद!"

तिचा नवरा वाल्मिक धास्तावला. मागच्या वर्षी चार दिवस इन्सुलिन चुकलं, तर ती बेशुद्ध पडली होती. पण रोजच्या सुईला विटलेली रुक्मिणी इन्सुलिनची बाटली घेऊन बादलीकडे गेलीसुद्धा.

"थांब!" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धनश्री मॅडम पुढे आल्या. "आधी तीर्थ न घेतलेल्या कुणाला तरी तपासा."

"श्रद्धेची परीक्षा घेता?" बापू उसळले.

वाल्मिकने स्वतःचं बोट पुढे केलं. "मनं बोट ल्या."

एकशे एकतीस. लगेच त्याच बोटाचा दुसरा थेंब. एकशे नऊ.

"आँ? तीर्थाशिवाय बावीस? मनी साखर कशी उतरनी?"

"वाल्मिकभाऊ, तुम्ही यंत्रमागाच्या खात्यात कापडाचे ताके मोजता. एकच ताका दोघांनी मोजला तर?"

"हातभर फरक पडतोच."

"मग दोन ताक्यांची वजाबाकी केली तर तो फरक जातो?"

"जातो कसला! दोन्हींचा मिळून वाढतो."

"तेच! घरगुती मशीन शंभरामागे पंधरापर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं. म्हणजे रुक्मिणीच्या दोन्ही आकड्यांत प्रत्येकी पस्तीसेक. वजाबाकी केली की दोन्हींची अनिश्चितता एकत्र होते; दोन्ही चुका एकदम पुरत्या उलट पडणं विरळा, म्हणून सत्तर नाही, पण पन्नासच्या घरात जाते. सतरा त्यात कुठच्या कुठे बुडाले! साखर कदाचित वाढलीही असेल."

"मग सगळ्यांचीच कशी उतरते?" कुणीतरी ओरडलं.

"कुठं सगळ्यांची?" गर्दीतल्या सरलाबाई कडाडल्या. "माझी वाढली, तर म्हणे पाप वर आलं! उतरेपर्यंत चारदा टोचलं मेल्यांनी! आणि माइकवर सांगितला शेवटचाच आकडा!"

बापूंनी माइक खाली ठेवला. रुक्मिणीचा हात अजून बादलीवरच होता. वाल्मिक तिच्याजवळ गेला.

"कंटाळलेय हो मी," ती रडू लागली.

"माहितीये गं. पण मला तू पाहिजेस."

तिने बाटली पदरात घट्ट धरली. वाल्मिकने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

आकडा दाखवून कुणी औषध सोडायला सांगितलं, तर जरूर विचारा: हा आकडा कितीने चुकू शकतो? आणि न दाखवलेले आकडे कुठे आहेत? विचारायला लाजू नका. जीव आपल्याच माणसाचा जातो.