हिरवं नको

दत्ताजीने डाळिंबी पागोट्याचे टोक उदाजीरावांच्या गालाला लावले आणि त्यांना खिडकीच्या उजेडाकडे वळवले.

"नाही शोभत, सरकार. चेहरा आजारी दिसतो."

"अरे, पण गेल्या दसऱ्याला देवासच्या पाहुण्यांनी हाच रंग बांधला होता. काय उठून दिसत होता!"

"त्यांचा वर्ण तांबूस. आपला पिवळट. आपल्याला निळा हवा."

उदाजीराव हसले. "सरदाराला तोंडावर पिवळट म्हणतोस? दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर कान उपटला असता."

धार दरबारच्या जामदारखान्यात मानकऱ्यांचे कपडे ठेवले जात, आणि वीस वर्षे ते दत्ताजीच्या ताब्यात होते. कुणाला काय शोभेल ते तो मनगटाची आतली बाजू उजेडात बघून सांगे. लोक आरशापेक्षा त्याचे ऐकत.

तेवढ्यात दारात रघुजी टांगेवाला येऊन उभा राहिला. देवासचा माणूस, दत्ताजीच्या सासुरवाडीच्या गल्लीतला. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. जोडा हातात.

"भिया, जरा बाहेर चलो."

"काय ते इथंच बोल."

रघुजीने सरदारांकडे पाहिले आणि मान खाली घातली. "सुमंगलाताई काल पहाटे गेल्या. ताप उतरलाच नाही. ठेवता आलं नाही भिया, गर्मी बहुत है. मालोजीरावांनी उरकून घेतलं सगळं."

दत्ताजीने पागोट्याची घडी घातली, नीट जमली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली आणि ती जागेवर ठेवली. "निळंच घ्यावं, सरकार," एवढे बोलून तो बाहेर पडला.

सुमंगला त्याची बायको. भावाच्या मुलाच्या जावळासाठी तीन आठवड्यांपूर्वी माहेरी देवासला गेली होती. जाताना चांगली धडधाकट होती. टांग्यात बसताना लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसली, फुटेल म्हणून.

रघुजीच्याच टांग्यातून, इंदुरास घोडा बदलून, दत्ताजी दुसऱ्या दिवशी देवासला पोचला. तो तिसरा दिवस. तिचा धाकटा भाऊ मालोजी अस्थी वेचून नुकताच परतला होता. त्याने दत्ताजीकडे पाहिले नाही. अंगणात गल्लीतल्या चार बायका बसल्या होत्या. मालोजीची बायको कुसुमावती त्यांच्यात नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एकटीच उभी होती.

"आले बाई जावई," त्यांतली सर्वांत म्हातारी बाई म्हणाली. "आता यांच्याच पुढ्यात होऊ दे."

"काय झालं?" दत्ताजीने विचारले.

"काय व्हायचं राहिलं? सवाष्ण बाई, नवऱ्याच्या आधी गेली. केवढं भाग्य! आणि तिच्या अंगावर हिरवं लुगडं नाही. अंजिरी नेसवून पाठवली. आमच्या देवासच्या थोरल्या पातीच्या राज्यात सोडा, धाकट्या पातीच्या राज्यातदेखील असं कुणी करत नाही."

"मी आणलं होतं हो हिरवं," मालोजी म्हणाला. "बाजारात जाऊन मीच आणलं. हिनं नेसवू दिलं नाही."

"नणंदेवर सूड उगवला," दुसरी पुटपुटली, पण सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने.

कुसुमावती पुढे आली. तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढला होता.

"दाजी, वन्संनी माझ्याकडून वचन घेतलं. शुद्धीवर होत्या. म्हणाल्या, 'मला हिरवं नको. हिरव्यात मी शेवाळ धरलेल्या दगडासारखी दिसते. इकडून सांगितलंय, आणि इकडचं रंगात कधी चुकत नाही.' मी म्हटलं, वन्सं, असं अभद्र बोलू नका, आणि त्या वेळी कोण बघतंय रंग? तर म्हणाल्या, 'इकडून येणं होईल ना. शेवटचं बघणं व्हायचं.'"

ती आणखी एक पाऊल पुढे आली.

"तुम्ही खरंच असं म्हटलं होतं का? का त्या तापात बरळल्या? एवढं सांगा. परवापासून मी ऐकून घेतेय."

दत्ताजी ओट्यावर बसला.

त्याने म्हटले होते. नऊ वर्षे झाली. उदाजीरावांकडे चैत्रातले हळदीकुंकू होते. त्यांच्या बाईसाहेबांनी हिरव्या शालूचा हट्ट धरला. त्यांना शोभणार नाही म्हणून दत्ताजीने दोनदा नाही म्हटले, तिसऱ्यांदा काढून दिला. सुमंगला माहेरचे हिरवे लुगडे नेसून गेली. दत्ताजी देवडीवर उभा होता, तिथून त्याने तिला चौकातून जाताना पाहिले. तिचा वर्ण सावळा, गव्हाच्या पुढचा. एका रंगाला इतके योग्य माणूस त्याने वीस वर्षांत दुसरे पाहिले नाही. आत गेलेली प्रत्येक बाई आधी तिच्याकडे बघत होती आणि मग बाईसाहेबांकडे.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरून निरोप आला: जामदाराच्या बायकोला म्हणावे, पायरी बघून नेसत जा.

हा निरोप तिला जसाच्या तसा सांगता आला असता. पण मग आपण तो मुकाट्याने ऐकून आलो हेही सांगावे लागले असते. त्याने जेवताना, ताटातून मान वर न करता, शेवाळाचे सांगितले. ती थोडी हसली. "मग आधी का नाही सांगितलंत? चारचौघींत हसं झालं असेल माझं." दुसऱ्या दिवशी तिने ते लुगडे कासारणीला देऊन टाकले. त्यानंतर बांगड्यांखेरीज तिने अंगाला हिरवे लावले नाही. तो आणील ते करडे, बदामी, अंजिरी नेसत राहिली आणि शेजारणींना सांगत राहिली की आमच्याकडे रंगाची पारख आहे.

"दाजी?" कुसुमावती म्हणाली.

"म्हटलं होतं," दत्ताजी म्हणाला. "मीच म्हटलं होतं. यात कुसुमावतीची चूक नाही."

कुसुमावतीने तोंडाला पदर लावला आणि तिथेच मटकन खाली बसली. परवापासून आवरलेले रडू तिला आता आले.

अंगणातल्या बायका जराशा हलल्या. म्हातारीचा आवाज उतरला.

"असं होय. मग बरोबरच असेल. धारचे जामदार ते, त्यांना नाही कळायचं तर कुणाला? आणि सावळ्या बाईला हिरवं नाहीच खुलत म्हणा. आमची थोरली सून बघा की, नागपंचमीला नेसली तर अशी दिसत होती..."

"मी तर आधीच म्हटलं, काहीतरी कारण असणार," मघाची दुसरी म्हणाली.

दत्ताजीने मान वर केली. चारही बायका त्याच्याकडे मानाने बघत होत्या. मालोजीदेखील बघत होता. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. घराची अब्रू राहिली होती. दत्ताजीने घसा साफ केला.

"पाणी देऊ, दाजी?" कुसुमावतीने डोळे पुसत विचारले.

"दे," तो म्हणाला.

तेराव्यापर्यंत तो देवासला राहिला. रोज कुणी ना कुणी भेटायला येई, आणि म्हातारी प्रत्येकीला दारातच अडवून समजावून सांगे: तिला हिरवं शोभतच नव्हतं बाई, म्हणून नाही नेसवलं, नवऱ्यानेच सांगितलं. तो आत बसून ऐकत असे. तेरावे उरकून तो धारला परतला आणि कामावर रुजू झाला.

सुमंगलाला हिरवा रंग शोभत होता. हे त्याने तिला सांगितले नाही, आणि अजून दुसऱ्या कोणालाही सांगितलेले नाही.