बिनमाइकची वंदना

बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर आली असताना हुडकेश्वरच्या त्या वस्तीवर वादळ कोसळलं. अर्धाएक तासच काय तो धुमाकूळ, पण तेवढ्यात विहाराच्या अंगणातला गुलमोहर आडवा झाला, कुणाच्या तरी गच्चीवरच्या पत्र्याच्या टिना उडून विहाराच्या पायऱ्यांवर येऊन पडल्या आणि विजेचे दोन खांब पार जमिनीला टेकले. लाईन गेली. नवे खांब कधी येणार ते कुणी सांगेना. घरोघरी बायका बंद कूलरकडे बघून कपाळाला हात लावत होत्या. एकट्या बायजाबाई तेवढ्या खुशीत होत्या.

त्यांच्या खुशीचं कारण सांगायलाच हवं. विहारात वंदना कोण घेणार, हा बायजाबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. तरुणपणापासून त्याच घेत आल्या होत्या. त्या एकेक ओळ म्हणायच्या आणि मागून सगळी वस्ती म्हणायची. आवाज असा, की चौकातल्या पानठेल्यावरची माणसंही मान वळवून बघत. मग कमिटीनं माइक घेतला, आणि त्याच सुमारास कामिनी सून होऊन वस्तीत आली. कामिनीचा आवाज एवढासा, ताटातला चमचा वाजला तरी बुडून जाईल असा. पण माइकपुढे तोच आवाज असा काही गोड लागायचा, की म्हातारे डोळे मिटून घेत. बायजाबाई माइकपुढे बसल्या की माइक किंचाळायचा आणि पोट्टे कानांवर हात ठेवून हसायचे. हळूहळू वंदना कामिनीकडे गेली. बायजाबाईंना कुणी काढलं नाही, फक्त बोलावणं बंद झालं.

तेव्हापासून त्या जळत होत्या. कामिनीनं वाकून जयभीम केला तर त्यांना त्यात ढोंग दिसे, नाही केला तर माज दिसे. तिच्या घरच्या वरणाचा वास आला तरी यांचं डोकं दुखे.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती विहार साफ करायला जमली. पुरुष गुलमोहराच्या फांद्या तोडत होते, बायका पाला आणि काचा झाडत होत्या. बायजाबाई एक टिन ओढायला गेल्या, तशी कामिनी धावत आली.

"मावशी, राहू द्या ना, मी उचलते. तुम्ही सावलीत बसा."

"काहून? मले का हात नाहीत?"

कामिनी ओशाळून हसली आणि टिनेचं दुसरं टोक धरलं. बायजाबाईंना ते हसूही आवडलं नाही.

तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष भैय्याजी घाम पुसत आले. "बायजाबाई, तुमच्या भाच्याचं डेकोरेशनचं काम आहे ना? त्याच्यापाशी जनरेटर असंल. उद्या माइकापुरता तरी मागून पाहा. आपल्या विहारातल्या बॅटरीचे तर कवाचेच बारा वाजले."

"पाहते ना," बायजाबाई म्हणाल्या आणि भर उन्हात ऑटोत बसून निघाल्या.

भाचा रोशन गोदामातच होता. कनाती, खुर्च्या, आणि त्यांच्यामागे तो जनरेटर, धूळ खात उभा. मावशीला बघून रोशनला आनंद झाला. "जनरेटर पाहिजे का वं मावशी? तुमच्याकडं वादळानं लई नुकसान केलं म्हणतात. रिकामाच उभा हाय. विहाराले लागत असंल तर आत्ता टेम्पोत टाकून देतो, पैसे नको."

बायजाबाईंनी जनरेटरकडे पाहिलं. तो चालू झाला की माइक चालू होणार, माइक चालू झाला की कामिनी. आणि नाही झाला तर सगळी वस्ती कुणाकडे बघणार, हे काय सांगायला हवं?

"नाही गा," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं लाईन आली कालच."

"मंग एवढ्या उन्हात कायले आली?"

"तुले पाहायले."

रोशनला भरूनच आलं. त्यानं कोपऱ्यावरून उसाचा रस मागवला. खरं तर तो रस बायजाबाईंच्या घशात अडकायला हवा होता, पण छान लागला. त्यांनी आणखी अर्धा ग्लास घेतला.

परत येऊन त्यांनी पडेल चेहऱ्यानं सांगितलं, जनरेटर लग्नात गेला, परवाशिवाय येत नाही. भैय्याजींनी आणखी दोन-तीन ठिकाणी फोन लावले, पण वादळानंतर जो तो जनरेटरच्याच मागे होता. शेवटी ते थकले. बायजाबाईंनी घरी जाऊन मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या.

पौर्णिमेच्या संध्याकाळी खांब अजून आडवेच होते. अंगणात मेणबत्त्या लागल्या, खिरीचं पातेलं आलं, पांढऱ्या कपड्यांत सगळी वस्ती जमली. बायजाबाई पहिल्या ओळीत बसल्या. भैय्याजी पुढे आले आणि बरोबर त्यांच्यापाशीच थांबले. त्या क्षणासाठी बायजाबाईंनी काय नसतं दिलं!

"बायजाबाई, माइक तर नाही. आज तुम्हीच घ्या वंदना."

आता, भल्या माणसानं पहिल्याच खेपेला हो म्हणायचं नसतं. दोनदा नाही म्हणायचं, लोकांनी गळ घालायची, मग उठायचं. बायजाबाईंनी पदर सारखा केला. "नाही बापा, मी आता म्हातारी झाली. घेऊ द्या त्या पोरीले."

आणि त्या पुढच्या आग्रहाची वाट बघू लागल्या.

"बरं मंग," भैय्याजी म्हणाले. "कामिनी, ये वं बाई, बस."

बायजाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. कामिनी घाबरत पुढे जाऊन बसली. तिनं सुरुवात केली आणि मागून कुजबुज उठली, ऐकूच येत नाही. बायजाबाईंच्या जिवात जीव आला. ओरडा, त्या मनात म्हणत होत्या, ओरडा ना, थांबवा तिला.

कुणी ओरडलं नाही. मागचे लोक उठून पुढे सरकले. बायकांनी लेकरांना मांडीवर ओढलं, बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पदरात घेतले. पानठेल्यावरचे दोघे चपला काढून आत आले. सगळं अंगण असं गप्प झालं, की मेणबत्त्यांची चरचर ऐकू यावी. त्या शांततेत कामिनीचा तो एवढासा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाऊन पोचला.

बायजाबाईंना आठवलं, आपण वंदना घ्यायचो तेव्हा बायका एकमेकींपाशी सुनांच्या तक्रारी करायच्या, पोट्टे अंगणात पळायचे. आवाज कुठंही पोचतच होता, मग ऐकायची कुणाला गरज? इतकी वर्षं घेतली, पण एवढी शांतता त्यांना एकदाही मिळाली नव्हती. मत्सरानं त्यांच्या छातीत असं काही पेटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागं एक मूल रडायला लागलं आणि कामिनीची ओळ हरवली. "अवं, चूप करा त्याले! आम्हाले ऐकू येऊन नाही राहिलं!" असा आवाज अंगणभर घुमला. बायजाबाईंना क्षणभर कळलंच नाही की तो आपलाच आहे.

वंदना संपल्यावर भैय्याजी द्रोणात खीर घेऊन त्यांच्याकडे आले. त्यांचे डोळे ओले होते. "बायजाबाई, जनरेटर नाही भेटला तेच बरं झालं. त्याच्या आवाजात अशी वंदना कुठं ऐकू आली असती? आता कमिटीत सांगतो, माइक विकूनच टाकू. कामिनी दरसाल अशीच घेईल."

बायजाबाईंनी खिरीचा द्रोण घेतला. "टाका विकून," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की भैय्याजींना कान पुढे करावा लागला.