चेअरमन आणि मागचं दार

आलगोट टोर्सेल ग्रानव्हिकच्या सहकारी भांडाराचे चेअरमन होते, पार्लमेंटात खासदार होते, आणि दर गुरुवारी वाटाण्याचं सूप आटोपलं की स्टोलहानेशेटच्या खासगी दुकानात मागच्या दाराने शिरत. पहिल्या दोन गोष्टींचा गावाला अभिमान होता. तिसरी भांडाराच्या खिडकीतून हुल्दाला दिसली, आणि तेव्हापासून तिचं वजनकाट्यावर लक्ष लागेना.

हुल्दा भांडार चालवायची. टोर्सेलनीच तिला नेमलं होतं. हा माणूस मुळात आरागिरणीत फळ्या वाहणारा. संपानंतर त्याला कुणी दारात उभं करेना, तेव्हा त्याने धुणं धुवायच्या खोपटात, लोण्याऐवजी पावाला फासतात त्या मार्गारिनचं पिंप मांडून दुकान काढलं. पुढे रबरी बूट करणाऱ्यांनी आपसात ठरवून भाव चढवले, तर हा इतर सोसायट्यांना गोळा करून म्हणाला, "मग बूट आपणच करू." लोक पोट धरून हसले. दोन हिवाळ्यांनी हसणाऱ्यांच्या पायांत सोसायटीचेच बूट होते. भांडाराच्या भिंतीवर त्याचं वाक्य रंगवलेलं होतं: जे आपल्याकडे मिळतं ते बाहेरून आणणारा सभासद स्वतःचाच खिसा कापतो.

आणि तोच माणूस मागच्या दाराने?

"रविवारी वार्षिक सभेत विचारणार आहे," व्हिकांडर म्हणाला. हा रेल्वेच्या फाटकावरचा माणूस, सोसायटीचा उपाध्यक्ष.

"काय विचारणार?"

"चेअरमन गुरुवारी कुठे जातात, एवढंच. विचारायला बंदी आहे का, हुल्दाबाई?"

बंदी नव्हती. पण चेअरमन पडले की शरद ऋतूत पार्लमेंटची उमेदवारीही जाणार, आणि दोन्ही खुर्च्या व्हिकांडर स्वतःसाठी झटकून ठेवणार, हे तिला कळत होतं. बाईमाणसाने दुकान चालवू नये असं त्याचं मत होतं, हेही.

गुरुवारी तीच मागच्या दाराने शिरली.

स्टोलहानेशेटच्या स्वयंपाकघरात चेअरमन दातांत साखरेचा खडा धरून, डोळे मिटून बशीने कॉफी पीत होते. समोर म्हातारे शेट पावाला मार्गारिन फासत होते. डब्यावर सोसायटीचा शिक्का होता.

"बसा," शेट म्हणाले. "कप की बशी?"

चेअरमननी खडा कडकन फोडला. "मी आजाऱ्याची चौकशी करायला आलो होतो."

"कोण आजारी आहे?"

"अजून कोणी नाही."

शेटनी बशी पुढे सरकवली. हुल्दा एक घोट प्यायली. मग दुसरा. सोसायटीच्या कॉफीच्या बिया सात वर्षं ती स्वतःच्या हाताने भाजत होती.

"माझी कॉफी कशी असते, चेअरमन?"

"कडक असते."

"खरं सांगा."

"जरा... पुढे गेलेली असते."

"करपलेली म्हणतात त्याला, आलगोट," शेट म्हणाले. "पार्लमेंटात राहून साधे शब्द विसरलास."

"मग सात वर्षांत कुणी बोललं का नाही?"

"आपल्या सोसायटीची कॉफी ती," चेअरमन हळूच म्हणाले. "स्वतःच्या पोराचं नाक वाकडं आहे असं कोण म्हणतं? आणि बाकीच्यांना आवडत असावी, असंही वाटायचं."

एवढ्यात मागचं दार वाजलं. रिकामा डबा घेऊन व्हिकांडरची बायको उभी होती. तिघांना पाहून ती म्हणाली, "शेटची कंबर कशी आहे विचारायला आले."

"बरी आहे," शेट म्हणाले, आणि कॉफी किती हवी ते न विचारताच त्यांनी तिचा डबा भरला.

हुल्दाला वाट सोपी होती. सभेत त्या डब्याचं नाव घेतलं की व्हिकांडर गप्प. पण दुसऱ्याची बायको पुढे करून आपला चेअरमन वाचवायचा, हे तिला पटेना. दुसरी वाट म्हणजे सगळ्या गावासमोर स्वतःची कॉफी करपलेली आहे म्हणायचं. तीही पटेना. शेवटी ती दारापर्यंत जाऊन परत फिरली आणि शेटना म्हणाली, "मलाही द्या. मोठी पिशवी."

रविवारी दारूबंदी मंडळाच्या सभागृहात बिस्किटांचे सात प्रकार मांडले होते. सहा मांडले असते तर वर्षभर चर्चा झाली असती. एरवी लोक अर्धा कप पिऊन आभार मानत. आज किटली पुन्हा पुन्हा भरावी लागली. तिसरा कप संपवून व्हिकांडर उठला.

"मंडळी, आधी एक सांगतो. या कॉफीत सहकाराची चव आहे. बाहेर मिळायची नाही." मग त्याने घसा साफ केला आणि गुरुवारचं विचारलं.

त्याची बायको हातातलं बिस्किट निरखू लागली. टोर्सेलनी सभेची हातोडी खाली ठेवली. "प्रश्न रास्त आहे. मी—"

"आधी मला बोलू द्या," हुल्दा उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "आजची कॉफी स्टोलहानेशेटची आहे. माझी करपते. सात वर्षं करपतेय. चेअरमन तिथे कॉफी प्यायला जातात. बाकी कोण जातं ते मी सांगणार नाही."

सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. मग हळूच शेजाऱ्याच्या.

"म्हणजे तुम्हालाही?" मागच्या बाकावरचा म्हातारा ओंडकेवाला म्हणाला. "मला वाटायचं माझीच जीभ गेली."

हसू बाकाबाकाने पुढे आलं. व्हिकांडर उभाच होता. "बसा आता," त्याची बायको म्हणाली. तो बसला.

"नियम मी मोडला," टोर्सेल म्हणाले. "सभेने ठरवावं."

ओंडकेवाल्याने ठराव मांडला: चेअरमन तेच राहावेत, आणि स्टोलहानेशेटनी हुल्दामावशीला कॉफी भाजायला शिकवावं. शेट सभासद नसल्यामुळे सभागृहाच्या मागच्या दाराशी उभे होते.

"शिकवीन," ते तिथूनच म्हणाले. "पण यापुढे मार्गारिन मला पुढच्या दाराने मिळालं पाहिजे."

"कुणाचा विरोध?" टोर्सेलनी हातोडी उचलली.

एकच हात वर होता, व्हिकांडरचा. हातात कप होता, रिकामा.

हुल्दा किटली घेऊन त्याच्याकडे गेली.