वासंतीचं शेवटचं प्रकरण

उपेंद्रराव कादंबरी लिहायला बसले की विनोदिनीबाईंना किळस येई. स्वारी बेळगावात मास्तरकी करी आणि सुट्टीत कादंबऱ्या पाडी. रीत ठरलेली. निपाणीच्या तपकिरीची चिमूट, मग शिंक, मग वाक्य. खर्डा जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि नाक पुसायचं तेही त्याच कागदांना. अक्षर असं की एकही छापखाना ते हाती धरीना. म्हणून ते चिकट कागद सोडवून शुद्ध प्रत करायची ती बाईंनी. झालेली प्रत स्वारी वाचतही नसे. आपलंच पुन्हा वाचलं की म्हणे प्रतिभा आटते!

तेही बाई सोसत. पण या दिवाळीत उपेंद्ररावांनी वासंतीलाच खर्ड्यात ओढलं. वासंती दोघांची एकुलती लेक, दोन वर्षांपूर्वी विषमज्वरानं गेलेली. नाव बदलून सुशीला केलं, एवढीच काय ती लाज.

सकाळी उपेंद्रराव स्वयंपाकघराच्या दारात आले. "शेवटचं प्रकरण अडलंय. जाताना ती काय म्हणालीती गं? मला आठवत नाही."

आठवेल कसं? त्या दुपारी स्वारी आतून कडी लावून आधीच्या कादंबरीचा शेवट लिहीत होती. बाईंनी दार बडवलं, तर आतून "हं, झालंच" एवढंच आलं.

बाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. सांगूच नये असं वाटलं. मग वाटलं, कळू दे एकदा. थोडी तरी लाज वाटेल.

"'अण्णांचं लिहून झालं काय गं?' असं विचारलं तिनं. मी 'झालं' म्हणाले. 'मग बोलीव की,' म्हणाली. तेवढंच."

उपेंद्रराव उंबऱ्यावर खाली बसले. डोळे भरून आले. बाईंना क्षणभर त्यांची दया आली.

"वा!" ते म्हणाले. "परत सांग, परत सांग." आणि लगबगीनं खोलीत गेले. चिमूट, शिंक.

जेवणानंतर खर्डा बाईंपुढे आला. सुशीलेचं डोकं बापाच्या मांडीवर होतं. बाप कितीक रात्री उशाशी जागला होता. "अण्णा, तुम्ही जवळ आहात, मला कसली भीती?" असं ती म्हणत होती.

बाईंनी कागद खाली ठेवला. "असं कुठं म्हणाली ती?"

"अगं, बाप दार लावून लिहीत बसला म्हटलं तर वाचक त्याला शिव्या घालतील." त्यांनी नाक पुसलं. "संध्याकाळपर्यंत प्रत कर. छापखान्यात कळवलंय."

बाईंनी हात धुतले, कोरा कागद घेतला आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहायला लागल्या. सुशीलेच्या जागी वासंती लिहिलं. कडी लिहिली. "हं, झालंच" लिहिलं. लेकीचा प्रश्न होता तसा लिहिला.

संध्याकाळी उपेंद्ररावांनी नेहमीप्रमाणे न वाचताच गठ्ठा बांधायला घेतला. दोरा आवळताना त्यांना शिंक आली. बाईंनी नाक मुरडलं नाही. गाठ घट्ट बसावी म्हणून त्यांनी तिच्यावर बोट दाबून धरलं.