हँगरचं माप

रखवालदाराने खांदा लावून तिसऱ्यांदा जोर केला, तेव्हा शेडचा पत्र्याचा दरवाजा कुरकुरत सरकला आणि आतला कोंदट, तेलकट वास बाहेर आला.

"चाकांना ग्रीस लावायला हवं," तो हात झटकत म्हणाला. "बाकी शेड एकदम ठणठणीत. गळत नाही, काही नाही. या काकू, आत येऊन बघा ना."

ती लगेच आत गेली नाही. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून दाराच्या चौकटीशीच थांबली आणि वर छताकडे बघत राहिली. चाळीस वर्षं शिवणकाम केल्यामुळे कुठलीही गोष्ट घेण्याआधी तिची उलटी बाजू बघायची तिला सवय होती.

तिचा नवरा मागे गाडीला टेकून उभा होता. दीड तास गाडी चालवून कंबर आखडली आहे, असं त्याने सांगितलं होतं.

घराजवळच्या धावपट्टीवरच्या हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं भाडं पुढच्या महिन्यापासून जवळजवळ दुप्पट होणार होतं. तसं दोन ओळींचं पत्रच आलं होतं. विमान छोटं, दोघांपुरतं, कापडी पंखांचं आणि नवऱ्यापेक्षा थोडंसंच तरुण. तिघा मित्रांनी मिळून घेतलेलं. एक मित्र वारला, दुसरा मुलाकडे लांब राहायला गेला, आणि तिघांचं भाडं याच्या एकट्याच्या पेन्शनवर येऊन पडलं.

"माझ्या दुकानात दोनशे हँगर होते," पत्र वाचून ती म्हणाली होती. "एकानेही कधी भाडं मागितलं नाही."

मग तिनेच चार ठिकाणी फोन करून ही आडबाजूची धावपट्टी शोधून काढली. इथलं भाडं तिथल्या निम्म्याहून कमी होतं. विमान उघड्यावर दोरांनी बांधून ठेवलं तर आणखी स्वस्त पडलं असतं. पण उन्हात कापडाचं काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी डाव्या पंखाचं कापड बदललं, तेव्हा टाके तिनेच घातले होते.

"तू म्हणशील तसं," एवढंच नवरा म्हणाला होता आणि सायकल काढून निघून गेला होता. तो रोज नऊ वाजता निघायचा. दहा मिनिटांचा रस्ता. महिन्यातून दोनदा उडायचा, बाकीचे दिवस विमान पुसायचा, काहीतरी उघडून पुन्हा बंद करायचा आणि एक वाजता शिट्टी वाजवत जेवायला घरी यायचा.

ती शेडमध्ये शिरली. अर्ध्या जागेत एक दुसरं विमान उभं होतं. त्याची दोन्ही चाकं बसली होती. काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने हसरा चेहरा काढला होता आणि त्या चेहऱ्यावरही धूळ साचली होती.

"याचे मालक येत नाहीत?"

"यायचे ना. पहिल्या वर्षी दर रविवारी. डबा घेऊन यायचे, दिवसभर थांबायचे, माझं डोकं खायचे. मग महिन्यातून एकदा. लांब पडतं हो काकू. आता भाडं तेवढं वेळेवर येतं."

"आजारी आहेत का?"

"छे! ठणठणीत. मधे त्यांच्या मिसेसचा फोन आला होता, पावतीसाठी. मी विचारलं, साहेब काय करतात? म्हणाल्या, खुर्चीत बसतात. म्हटलं, आणि? तर म्हणाल्या, आणि काय, बसतात."

रखवालदार हसला. तिने वाकून विमानाच्या बसलेल्या चाकावर बोट टेकवलं, बोटाची धूळ रुमालाला पुसली आणि बाहेर पाहिलं. नवरा गाडीपासून थोडा पुढे आला होता. कपाळावर आडवा हात धरून तो आकाशाकडे बघत होता. आकाशात काहीच नव्हतं.

"अहो," तिने हाक मारली. "इकडे या. दरवाजा मोजायचाय."

"टेप आणली नाही मी."

"जन्म जमीनमोजणीत गेला आणि आज टेप विसरलात?"

"विसरलो."

"अकरा मीटर असेल बहुतेक," रखवालदार म्हणाला. "मागे कुणीतरी मोजलं होतं."

"बहुतेकवर मी कुणाची बाहीसुद्धा कापली नाही कधी," ती म्हणाली आणि पर्समधून दीड मीटरची शिवणाची टेप व निळ्या खडूचा तुकडा काढला.

नवऱ्याने दरवाज्याच्या एका कडेला टेपचं टोक धरलं. ती टेप ताणून पुढे गेली, जमिनीवर खडूची रेघ ओढली. मग त्याने त्या रेघेवर टोक धरलं आणि ती पुढे सरकली.

"नीट वाका. गुडघ्यांची नाटकं घरी."

"वाकलोय की."

रखवालदाराला फोन आला म्हणून तो बोलत बोलत बाहेर गेला. दोघं मोजत राहिले. नवरा मनात आकडे धरत होता. ती त्याची जुनी खोड होती, जिने चढतानाही तो पायऱ्या मोजायचा. सातव्या रेघेवर त्याने टोक धरलं, तेव्हा ती पलीकडच्या कडेला पोहोचली होती.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सहा टेप आणि वर पन्नास," ती जरा मोठ्यानेच म्हणाली. "साडेनऊ मीटर."

त्याने बसल्या बसल्या मान वर केली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. टेप दोन बोटांभोवती गुंडाळत होती, नेहमीसारखी, घट्ट. तिच्या दुकानातून नेलेला कपडा मापात चुकला म्हणून कधी परत आला नव्हता.

"आपलं विमान किती?" तिने विचारलं.

त्याने पायाशी असलेल्या सातव्या रेघेकडे पाहिलं.

"दहा मीटर वीस."

"मग नाही बसत."

रखवालदार फोन खिशात घालत परत आला. "साडेनऊ? असं कसं होईल? काका, तुम्ही तरी सांगा. तुम्ही तर मोजणीवाले."

"माप तिने घेतलं. मी नुसतं टोक धरलं होतं."

रखवालदाराचं समाधान झालं नाही. तो दरवाज्याच्या पहिल्या कडेला गेला आणि बोट नाचवत रेघा मोजत येऊ लागला. "एक... दोन... तीन..."

नवरा गुडघ्यावर हात रेटून उठला. उजवा पाय त्याने हलकेच शेवटच्या रेघेवर ठेवला आणि टाच न उचलता बूट डावी-उजवीकडे फिरवला.

"...पाच, सहा." रखवालदाराने मान हलवली. "सहाच आहेत खरं."

"तुमचा काही दोष नाही," ती म्हणाली. "दरवाजाच आखूड आहे. आणि हे बघा, या चाकांत तेवढी हवा भरून ठेवा. त्या बाईंचा पुन्हा फोन आला तर सांगा, साहेबांना एकदा घेऊन या म्हणावं. ओढून आणा म्हणावं."

गाडी डांबरी रस्त्याला लागली.

"भाड्याचं कसं करायचं?" त्याने विचारलं.

"ही गाडी विकू. तुम्हाला सायकल आहे. मला बाजार चालत गाठता येतो."

पुढच्या वळणानंतर त्याच्या ओठांतून हवेसारखं काहीतरी निघालं. शिट्टी होता होता राहिली.

"अहो."

"हं?"

"उजव्या बुटाला खडू लागलाय."

त्याने खाली पाहिलं. मग तोच पाय अॅक्सिलरेटरवर जरा जास्त दाबला.

"असू दे," तो म्हणाला.