आकडा हरवलेली गोल्फगाडी

मित्रांनो, मी एक जुनी गोल्फगाडी आहे, एवढंच मला खात्रीनं सांगता येतं. बाकी सगळा गोंधळ. मी किती व्होल्टवर चालते, हे माझं मलाच ठाऊक नाही. हसू नका. तुम्हाला तरी तुमचा रक्तगट पाठ आहे का?

माझी उमेदीची वर्षं लष्कराच्या एका गोल्फ मैदानावर गेली. साहेबांना हिरवळीवरून फिरवायचं, त्यांच्या काठ्या वाहायच्या आणि शाबासकी घ्यायची. मग नव्या गाड्या आल्या आणि माझा लिलाव झाला. निवृत्त सुभेदार लालासाहेबांनी मला कुंडलला आणलं. आल्या आल्या त्यांनी मला फौजी हिरवा रंग फासला, अगदी व्होल्टचे आकडे लिहिलेल्या पत्र्यावरसुद्धा. माझी ओळख तिथंच पुसली गेली.

मला आणलं होतं त्यांच्या पत्नी लीलाबाईंसाठी. त्यांचे गुडघे धरले होते. उसापलीकडच्या वस्तीवर त्यांची थोरली जाऊ अंथरुणाला खिळलेली, आणि तिला लीलाबाईंच्या हातूनच घास जायचा. रोज संध्याकाळी डबा मांडीवर घेऊन लीलाबाई माझ्यावर बसायच्या आणि आम्ही पाटाच्या कडेनं निघायचो. इतकं मानाचं काम मला साहेबांनीही दिलं नव्हतं. दर शनिवारी लीलाबाई माझी सीट उचलून किटलीनं बॅटऱ्यांना पाणी पाजायच्या.

यंदा माझ्या सहाही बॅटऱ्यांनी मान टाकली. लीलाबाईंचा मुलगा जयराज डबा पोचवू लागला, पण जाऊबाई दोन घास खाऊन तोंड फिरवायच्या.

"मी समोर नसले की तिला जेवान जात न्हाई," लीलाबाई म्हणायच्या. खरं तर त्यांनाही जात नव्हतं.

"आता सहांच्या जागी लिथियमची एकच बॅटरी टाकू," जयराज म्हणाला, आणि घोळ सुरू झाला. कुणी म्हणे छत्तीस व्होल्ट, कुणी म्हणे अठ्ठेचाळीस. पलूसचा वायरमन कृष्णात मीटर लावून मान हलवत राहिला. लालासाहेबांना म्हणाला, "मेलेली बॅटरी खरं बोलत न्हाई, आबा."

शेवटी लालासाहेबांनी निकाल दिला. "बॅटरी म्हंजी बारा व्होल्ट. ट्रॅक्टरची बारा, जीपची बारा. बारा सक बहात्तर. लय इचार करू नगंस."

मला वाटलं, असेन बाई बहात्तरची. मोठी माणसं सांगतात ते खरंच असणार.

सांगलीहून बहात्तरची बॅटरी आली. कृष्णातनं जुन्या सहा जणी काढून अंगणात ओळीनं मांडल्या. तो नवी जोडायला वाकला, तेवढ्यात लीलाबाई किटली घेऊन आल्या आणि जुन्यांची झाकणं उघडू लागल्या.

"आई, त्या भंगारात चालल्यात," जयराज म्हणाला.

"असू दे. जाताना तरी तानलेल्या नगोत."

एका बॅटरीची चार झाकणं, पुढच्या बॅटरीची पुन्हा चार. लालासाहेब बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, चारच झाकणं?"

"आवं, पयल्यापासनं चारच हायती."

"कृष्णात, हात काढ." लालासाहेबांनी झाकणांवर बोट ठेवलं. "एका झाकणामागं दोन व्होल्ट. ट्रॅक्टरच्या बॅटरीला सहा झाकणं असत्यात रं. ही आठाची हाय. आठ सक अठ्ठेचाळीस."

बहात्तर व्होल्ट आत शिरले असते, तर माझं आतलं यंत्र तिथंच जळून गेलं असतं.

मग बहात्तरची परत गेली, अठ्ठेचाळीसची बॅटरी आणि तिचा वेगळा चार्जर आला. खोक्यावर लिहिलं होतं, एक्कावन्न पूर्णांक दोन. लालासाहेब पुन्हा बिथरले. "अठ्ठेचाळीसची लिथियम अशीच असती, आबा," कृष्णात म्हणाला. सगळ्यांचं समाधान झालं, माझं मात्र झालं नाही.

पण त्या संध्याकाळी आम्ही वस्तीवर गेलो. "लय दिस लावलंस गं लीले," जाऊबाई म्हणाल्या आणि सबंध भाकरी जेवल्या. दारात उभ्या उभ्या मला भरून आलं.

शनिवार आला. लीलाबाईंनी सवयीनं सीट उचलली आणि किटली धरून उभ्याच राहिल्या. नव्या बॅटरीला झाकणं नाहीत, पाणी लागत नाही. मग त्यांनी किटली खाली ठेवली, पदरानं बॅटरीवरची धूळ पुसली आणि सीट हलकेच खाली घेतली. तेव्हापासून दर शनिवारी त्या तेवढंच करतात.

मित्रांनो, माझा आकडा मला अजून नीट सांगता येत नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं कुणी असेल, तर काम नसतानाही अधूनमधून सीट उचलून बघत जा. आम्हाला ते कळतं.